कमी तेलातला खान्देशी काळा रस्सा: भाजण्यापासून तर्रीपर्यंत

डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत पहिली कुऱ्हाड रश्श्यावर पडते. शेवभाजी बंद, पाटवडी बंद, काळ्या मसाल्याची आमटी बंद. ताटात फिक्कं वरण आणि वाफवलेला दुधी येतो. भाकरी कुस्करून वर झणझणीत रस्सा ओतून जेवायची ज्याला लहानपणापासून सवय, तो माणूस चार घास खाऊन उठतो, आणि महिनाभरात पथ्य सुटतं ते सुटतंच.

पथ्य टिकवायचं असेल तर रस्सा ताटातच ठेवावा आणि त्यातलं तेल काढावं. ते काढता येतं, कारण आपल्या रश्श्याची चव मुळात भाजण्यातून येते. विस्तवावर काळा केलेला कांदा, करपण्याच्या काठावर आणलेलं खोबरं, सालासकट भाजलेला लसूण आणि उन्हाळ्यात घरी केलेला काळा मसाला, यातल्या कशालाही चव यायला वाटीभर तेल लागत नाही. तेलाचं खरं काम एवढंच की मिरचीचा रंग आणि मसाल्याचा वास ते स्वतःत ओढून घेतं आणि पातेलंभर पोचवतं. चार माणसांच्या रश्श्यात त्या कामाला दीड मोठा चमचा तेल पुरतं. त्यावरचं सगळं तेल तर्री, म्हणजे रश्श्यावरचा लाल तवंग, दिसावी म्हणून ओतलेलं असतं, आणि तर्रीची सोयही त्याच दीड चमच्यात होते.

चरबी नेमकी कुठे असते

आधी थोडा हिशोब. मोठा चमचा म्हणजे १५ मिली. त्यात साधारण १४ ग्रॅम तेल बसतं आणि ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर एका चमच्याच्या सव्वाशेच्या आसपास कॅलरी होतात. शेंगदाणा, सरकी, करडई, सोयाबीन, कोणतंही तेल घ्या, हा आकडा बदलत नाही. तेल बदलून रस्सा हलका होतो हा समज म्हणूनच सोडून द्यावा. कमी व्हायला हवं ते माप.

नेहमीच्या पद्धतीने चौघांचा रस्सा केला तर पाच-सहा मोठे चमचे तेल सहज जातं. सहा धरले तर ८० ग्रॅमच्या वर. पण तेवढ्यावर थांबत नाही, कारण वाटणातलं सुकं खोबरं हा दुसरा मोठा साठा आहे. सुक्या खोबऱ्याच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त चरबीच असते. अर्धी वाटी म्हणून आपण ५० ग्रॅम खोबरं घातलं तर त्यातून आणखी ३०-३२ ग्रॅम चरबी आली. दोन्ही मिळून माणशी २८ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या आहाराला वरचं तेल-तूप धरलं आहे २७ ग्रॅम. म्हणजे एका वेळच्या एका वाटी रश्श्यात दिवसाचा वाटा संपला, आणि त्यात शेव अजून पडलेलीच नाही.

खाली दिलेल्या मापात दीड चमचा तेल आणि १५ ग्रॅम खोबरं आहे. त्याची चरबी माणशी साडेसात ग्रॅमच्या घरात येते. तेल कमी केलं आणि वाटणात दाणकूट, तीळ, खसखस वाढवली तर मात्र हा हिशोब जागेवरच राहतो. दाणे आणि तीळ दोन्हींत वजनाच्या जवळपास निम्मी चरबी असते. दाट रस्सा हवा म्हणून मूठभर दाणे वाटणात टाकायची आपल्याकडे सवय आहे. ती इथे बाजूला ठेवावी लागेल.

दाटपणा कशाने आणायचा

खोबरं कमी केल्यावर रस्सा पाणचट होतो, मसाला खाली बसतो आणि वर नुसतं पाणी राहतं. त्यासाठी आपल्या घरांत आधीपासून असलेल्या चार गोष्टी कामाला येतात.

पहिली फुटाण्याची डाळ, आपल्या डाळ्या. यात चरबी पाच-सहा टक्केच, आणि आधीच भाजलेली असल्यामुळे कच्चट वास येत नाही. चौघांच्या रश्श्याला एक मोठा चमचा भरून पुरे. शेवभाजीचा आणि पाटवडीचा रस्सा करताना मी हीच घेते, कारण शेव आणि पाटवडी दोन्ही हरभऱ्याच्या, चवीला चव मिळते.

दुसरं दादरचं पीठ. तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या दादर ज्वारीची भाकरी ज्या घरात होते तिथे पिठाचा डबा हाताशी असतोच. एक लहान चमचा पीठ कोरड्या तव्यावर खरपूस वास येईतो भाजायचं, गार पाण्यात कालवायचं आणि उकळत्या रश्श्यात धार धरून सोडायचं. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होतात. यानंतर रस्सा किमान पाच मिनिटं उकळायला हवा, नाहीतर जिभेवर पिठाचा खरखरीतपणा राहतो.

तिसरं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा. सोललेल्या गंगाफळाची दोन बोटं लांबीची फोड कुकरमध्ये डाळीच्या डब्यावर ठेवून शिजवायची आणि वाटणात घालायची. रश्श्याला अंग येतं, रंगही खुलतो. ५० ग्रॅमच्या वर जाऊ नये, कारण मग गोडवा जाणवतो आणि काळ्या रश्श्याला गोडवा सोसत नाही.

चौथी गोष्ट हिवाळ्यातली आणि माझ्या सगळ्यांत आवडीची: भरीत करताना बाजूला काढलेला भाजलेल्या वांग्याचा गर. भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची भरताची वांगी मोठी, हिरवट-पांढरी आणि कमी बियांची असतात. त्यांचा दोन मोठे चमचे गर वाटणात गेला की रस्सा लोण्यासारखा मऊ होतो आणि गॅसवर केलेल्या रश्श्यालाही चुलीचा धूर लागतो. तुरकाठ्यांवर किंवा गोवऱ्यांवर भाजलेलं वांगं असेल तर मग खोबरं पूर्ण वगळलं तरी चालतं.

टोमॅटो मात्र मी घालत नाही. त्याने दाटपणा येतो हे खरं, पण काळ्या मसाल्याचा सूर बदलतो आणि रस्सा लालसर आंबट होऊन कुठल्याही हॉटेलच्या ग्रेव्हीसारखा लागतो. काजू आणि साय यांचा तर प्रश्नच नाही, कारण मग तेल वाचवून उपयोग काय झाला?

चार जणांसाठी साहित्य

मध्यम आकाराचे तीन कांदे, साधारण ३०० ग्रॅम. सुकं खोबरं १५ ग्रॅम, म्हणजे दोन बोटं रुंदीचा, बोटभर लांबीचा तुकडा. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, एक इंच आलं, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट. फुटाण्याची डाळ एक मोठा चमचा. बेडगीसारख्या रंगाच्या, कमी तिखट तीन सुक्या मिरच्या. घरचा काळा मसाला दोन लहान चमचे, लाल तिखट अर्धा लहान चमचा, हळद पाव चमचा, जिरं अर्धा चमचा, चिमूटभर हिंग. तेल दीड मोठा चमचा. मीठ एक सपाट लहान चमचा. पाणी एक लिटर, कडक गरम.

तिखटाबद्दल इथेच सांगते, कारण यात बरेच जण फसतात. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. तेलकट रश्श्यात तो तेलात गुंडाळलेला असतो. तेल कमी झालं की तोच मसाला जिभेला जास्त झोंबतो. म्हणून नेहमीच्या अंदाजातून तिखट पाव हिश्श्याने कमी करा. रंग उतरेल अशी भीती वाटत असेल तर त्यासाठीच बेडगी मिरच्या भिजवून वाटणात घातल्या आहेत. बिया काढून, गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या. त्यांच्या सालीचा गर रश्श्याला रंग देतो आणि थोडा दाटपणाही. नंदुरबारच्या बाजारातून वर्षाची मिरची भरताना तिखट मिरचीबरोबर किलोभर रंगाची मिरची वेगळी घेऊन ठेवावी ती याचसाठी.

काळा मसाला ताजा हवा. धने, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, लवंग, मिरे, तमालपत्र, मसाला वेलदोडा, शहाजिरं हे सगळं भरपूर तेलातल्या रश्श्यात थोडं शिळं असलं तरी खपून जातं. हलक्या रश्श्यात लपायला जागा नसते. वर्षाच्या मसाल्यात खोबरं आणि तीळ कुटून घातलेले असतील तर पावसाळ्यानंतर त्याला खवट वास येऊ लागतो. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास मसाला कराल तेव्हा खोबरं-तीळ न घालता कोरडाच कुटून आणा. खोबरं लागेल तसं ताजं भाजून घ्यावं. मसाल्याचे जिन्नस तेलात तळण्याऐवजी लोखंडी तव्यावर एकेक करून मंद आचेवर कोरडे भाजले तरी चालतात. मात्र एकत्र भाजू नका, कारण धने होईपर्यंत दगडफूल जळून राख झालेलं असतं.

भाजणं

सगळा जीव यात आहे, म्हणून इथे घाई नको.

कांदे सालासकट अख्खे घ्या. चूल असेल तर निखाऱ्यात खुपसा. गॅसवर असाल तर पापड भाजायच्या जाळीवर ठेवून मध्यम आच द्या. दर दोन मिनिटांनी चिमट्याने फिरवायचे. दहा-बारा मिनिटांत बाहेरची सालं कोळशासारखी होतात आणि दाबल्यावर कांदा आतून मऊ लागतो. तेलात परतलेल्या कांद्यापेक्षा हा कांदा जास्त गोड आणि धुरकट लागतो, आणि थेंबभर तेलही पीत नाही. कांद्याच्या वजनात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. कढईत तेल घालून आपण अर्धा वेळ ते पाणी उडवण्यात घालवतो. विस्तव तेच काम कोरड्याने करतो.

गार झाल्यावर वरची जळकी सालं काढा, पण कांदा धुऊ नका. कुठे कुठे काळे ठिपके राहिले पाहिजेत, रश्श्याचा काळा रंग त्यातूनही येतो. पूर्ण कोळसा झालेला थर मात्र काढायलाच हवा. तो वाटणात गेला तर रस्सा कडू होतो आणि त्या कडूपणावर नंतर इलाज नसतो.

इंडक्शनची शेगडी असेल तर कांद्याचे दोन भाग करून कापलेली बाजू खाली ठेवून लोखंडी तव्यावर मांडा, वर झाकण घाला आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं हलवू नका. खालची बाजू गडद तपकिरी होते, वाफेने वरचा भाग शिजतो. चिकटलाच तर चार थेंब पाणी मारून उलथन्याने सोडवावा. ते तव्याला लागलेलं तपकिरीही खरवडून वाटणात घ्या, त्यात चव असते.

खोबऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून थेट आचेवर फिरवा. त्यात तेल असल्यामुळे तो क्षणभर पेटतो; पेटला की फुंकर घालून विझवायचा आणि दुसरी बाजू धरायची. गडद तपकिरी, कडा काळ्या, असा व्हायला हवा. पांढरट गुलाबी भाजलेलं खोबरं इथे कामाचं नाही. खोबरं कमी असल्यामुळे त्याच्याकडून पूर्ण चव वसूल करायची, आणि ती गडद भाजल्यावरच मिळते. लसूण सालासकट तव्यावर, पाकळी बोटाने दाबली की मऊ लागेल इतका. फुटाण्याची डाळ आधीच भाजलेली असते, ती नुसती गरम तव्यावर फिरवली तरी पुरे.

वाटण

पाटा-वरवंटा असेल आणि अंगात ताकद असेल तर त्यासारखं वाटण मिक्सरला येत नाही. मिक्सरवर करायचं तर क्रम पाळा. आधी खोबरं आणि डाळ्या कोरड्या फिरवून पीठ करा. मग भिजवलेल्या मिरच्या, लसूण, आलं घाला. शेवटी कांदा आणि कोथिंबीर. कांदा सुरुवातीला टाकला तर त्याच्या पाण्यात खोबऱ्याचे कण तसेच राहतात आणि रश्श्यात ते दाताखाली येतात.

पाणी घालाल ते मिरच्या भिजवलेलं, दोन-तीन चमचे. वाटण चिमटीत घेऊन चोळलं तर कण जाणवता कामा नये. तेलकट रश्श्यात जाडंभरडं वाटण खपतं, कारण तेल सगळ्याला एकत्र धरून ठेवतं. कमी तेलात ते काम वाटणाच्या बारीकपणाला करावं लागतं. रस्सा चोथापाणी झाला असं आपण म्हणतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं.

फोडणी आणि आधी काढून ठेवलेली तर्री

जाड बुडाची कढई किंवा पितळी कल्हईचं पातेलं घ्या. पातळ स्टीलच्या भांड्यात कमी तेलाचं वाटण हमखास लागतं. दीड मोठा चमचा तेल तापवा, जिरं तडतडू द्या, हिंग घाला आणि गॅस बंद करा. दहा-पंधरा सेकंद थांबून लाल तिखट आणि काळ्या मसाल्यातला अर्धा चमचा तेलात टाका. तेल फार कडक असेल तर तिखट काळं पडतं आणि रंग जातो, म्हणून हे थांबणं. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळणारा असतो. अर्ध्या मिनिटात तेल लालभडक दिसू लागतं.

आता पातेलं तिरकं करा आणि वर आलेलं लाल तेल एक लहान चमचाभर वाटीत काढून ठेवा. ही तुमची तर्री. रस्सा वाढायच्या क्षणी हाच चमचा वरून सोडायचा. तेल पाण्यावर पसरतं, त्यामुळे चमचाभर तेलाचाही चौघांच्या वाट्यांवर तवंग दिसतो. पूर्ण तेल आधीच उकळत्या रश्श्यात गेलं तर ते वाटणात मुरतं, वर येत नाही, आणि मग तर्री दिसावी म्हणून आणखी तेल घालायचा मोह होतो. डोळ्यांनी जेवणारी माणसं प्रत्येक घरात असतात. माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, वाटीत डोकावून ‘तर्री आहे ना?’ असं विचारलं आणि ‘आहे ना नाना’ असं सांगता आलं, की पुढचं जेवण सुखाने होतं.

परतणं

उरलेल्या तेलात गॅस पुन्हा मंद चालू करून हळद, राहिलेला काळा मसाला आणि लगेच दोन चमचे गरम पाणी घाला. पाण्यामुळे मसाला जळत नाही आणि शिजतो. पाणी आटलं की वाटण घाला. इथून पुढे बारा मिनिटं धरा. दोन मिनिटं परतायचं, कोरडं पडून लागायला लागलं की पळीभर गरम पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं, दोन मिनिटांनी उघडून पुन्हा परतायचं. असं चार-पाच वेळा. गार पाणी वापरू नका, प्रत्येक वेळी पातेल्याची आच मोडते आणि वाटण शिजायच्या ऐवजी भिजत पडतं.

आपल्याला शिकवलेली खूण आहे ‘तेल सुटेपर्यंत परता’. इथे तेल सुटणार नाही, कारण सुटायला तेल नाहीच. ती खूण धरून बसलात तर वाटण जळेल किंवा तुम्ही कंटाळून आणखी तेल ओताल. त्याऐवजी या खुणा बघा: वाटण पातेल्याच्या कडा सोडून मध्ये गोळा होऊ लागतं, पळी फिरवली की बूड क्षणभर कोरडं दिसतं आणि मग वाटण हळूहळू परत येतं, रंग पहिल्यापेक्षा एका छटेने गडद होतो, आणि लसणाचा उग्र वास जाऊन भाजल्याचा गोडसर वास येतो. नाकावर विश्वास ठेवा. लसूण कच्चा वाटतोय तोवर रश्श्याचं पाणी घालू नका, कारण एकदा ते पडलं की कच्चेपणा उकळून जात नाही.

पाणी आणि उकळी

एक लिटर कडक गरम पाणी तीन वेळा विभागून घाला. पहिलं भांडंभर घालून वाटण त्यात पूर्ण एकजीव करा, मग बाकीचं. मोठ्या आचेवर उकळी येऊ द्या, नंतर आच कमी करून झाकण अर्धवट ठेवून पंधरा मिनिटं. वर फेस येतो तो काढू नका, हलवत राहा, तो मुरतो. मीठ या टप्प्यावर. एक सपाट लहान चमचा चौघांना बेताचा आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि रश्श्याबरोबर शेव, पापड, लोणचं येणार असेल तर त्यांचंही मीठ धरायला हवं.

गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा. या दहा मिनिटांत रस्सा दाट होतो आणि मसाला उतरतो. मग तर्री, मग कोथिंबीर.

रश्श्यात काय घालायचं

हलका रस्सा करून त्यात दोनशे ग्रॅम शेव ओतली तर सगळी मेहनत वाया गेली, कारण शेव तळलेली असते आणि तिचं तेल रश्श्यात उतरतं. पथ्यावर असताना माणशी २० ग्रॅम, म्हणजे एक छोटी मूठ जाड तिखट शेव, आणि तीही ताटात वाढल्यावर वरून. पातेल्यात टाकलेली शेव फुगते, रस्सा पिऊन टाकते आणि मग प्रत्येकाला आणखी हवी असते.

शेवेपेक्षा डुबुकवडे करा, असं मी आवर्जून सांगेन. खान्देशाबाहेर ते फारसे कुणाला माहीत नाहीत, आणि तेलाच्या दृष्टीने त्यांच्यासारखी शहाणी भाजी दुसरी नाही. वाटीभर बेसनात तिखट, मीठ, हळद, ओवा आणि ठेचलेला लसूण घालून दाटसर भिजवायचं, इतकं की बोटांवरून सावकाश पडेल. रस्सा खळखळ उकळत असताना बोटांनी छोटे छोटे वडे सोडायचे. तीन मिनिटं पळी लावायची नाही, नाहीतर वडे फुटून पिठलं होतं. वर तरंगू लागले की आच कमी करून आणखी सात-आठ मिनिटं. बेसन रश्श्यातही उतरतं, म्हणून यासाठी वाटणातली फुटाण्याची डाळ वगळा आणि पाणी एक वाटी जास्त घ्या. तळण नाही, मोहन नाही.

पाटवडीही तळायची नसतेच. बेसन पाण्यात शिजवताना बरेच जण चार चमचे तेल घालतात, तिथे एक लहान चमचा पुरतो. ताटाला तेलाऐवजी पाण्याचा हात लावून थापली तरी वडी सुटते. मसाल्याच्या वांग्यांना तेलात तळून घेण्याऐवजी चिरा देऊन, मीठ चोळून, झाकणावर पाणी ठेवून सात मिनिटं वाफवा आणि मग रश्श्यात सोडा.

कोंबडीचा रस्सा असेल तर कातडी काढायला सांगा आणि फोडणीचं तेल एका चमच्यावर आणा. मटणाचा रस्सा शक्य असेल तर आदल्या दिवशी करा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की चरबी वर गोठून थर धरते, तो पळीने उचलून टाकला की रस्सा कितीतरी हलका होतो. खोबऱ्याचं तेलही थंडीत गोठतं, त्यामुळे त्याचाही काही भाग त्या थरातून निघतो. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल असं नीट गोठत नाही, म्हणून ते आधीच कमी घातलेलं बरं.

बिघडलं तर

पाणी वेगळं आणि मसाला वेगळा दिसत असेल तर दोन पळ्या रस्सा काढून गार करा, मिक्सरमधून काढून परत ओता, पाच मिनिटं उकळा. तिखट झोंबत असेल तर साखर घालू नका. अर्धी वाटी घोटलेलं तुरीचं वरण घाला. थोडा कडवटपणा असेल तर भाजलेल्या कांद्याचं वाटण आणखी एका कांद्याचं करून वेगळं परतून घालावं; फार कडू असेल तर तो रस्सा सोडून द्या. फिका लागत असेल तर मीठ वाढवण्याआधी अर्धा चमचा काळा मसाला कोरड्या तव्यावर दहा सेकंद गरम करून वरून टाका. बहुतेक वेळा तिथे मीठ कमी नसतं, वास कमी असतो.

बरोबर कळण्याची भाकरी असेल तर उत्तम. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या या भाकरीत मीठ असतं, म्हणून रश्श्यातलं मीठ थोडं हात राखून घाला. भाकरीवर तेल-चटणी घ्यायची सवय असेल तर त्या जेवणापुरती कच्चा कांदा आणि लिंबावर भागवा, नाहीतर रश्श्यातून वाचवलेलं तेल ताटाच्या दुसऱ्या कडेने आत येतं.

पुढच्या वेळेसाठी

हे वाटण एकदम दुप्पट-तिप्पट करून ठेवता येतं, पण परतून ठेवा, कच्चं नको. तेल कमी असल्यामुळे ते नेहमीच्या वाटणासारखं टिकत नाही, कारण वरचा तेलाचा थर हवा अडवायचा, तो इथे नाही. फ्रिजमध्ये चार दिवसांच्या आत संपवा. जास्त दिवस ठेवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि वड्या पिशवीत काढून ठेवा; महिनाभर चव जात नाही. एका माणसाला दोन-तीन वड्या लागतात. घरात एकालाच पथ्य असेल तर हे फार सोयीचं पडतं, त्याच्यापुरता रस्सा दहा मिनिटांत होतो.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी दाट झालेला दिसेल, डाळ्या आणि पीठ रात्रीतून पाणी धरतात. गरम करताना आधी अर्धी वाटी कडक पाणी घाला, मग गॅस लावा, आणि चांगली खळखळ उकळी येऊ द्या. तर्रीसाठी पुन्हा फोडणी करू नका. पाव चमचा तेलात चिमूटभर तिखट कोमट करून वर सोडलं तरी वाटीला रंग येतो.